गोधडीतला तास

ऐन मे महिन्यात, जळगावच्या उन्हात, भर दुपारी डोक्यावरून गोधडी घेऊन बसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या अक्का.

आमच्या दूरशिक्षण केंद्राच्या मागच्या अंगाला एक अडगळीची खोली होती. मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, कुठल्याशा स्नेहसंमेलनातला पुठ्ठ्याचा किल्ला आणि या सगळ्याच्या मधोमध एक स्टूल. अक्का त्या स्टुलावर बसत, माहेरून आणलेली जाड गोधडी डोक्यावरून पायापर्यंत ओढून घेत आणि आत मोबाइल तोंडाशी धरून शिकवायला लागत. बाहेरून बघणाऱ्याला फक्त एक गाठोडं दिसायचं. गाठोडं हलायचं, मान डोलवायचं आणि मधेच विचारायचं, "तर मूल पहिल्यांदा शाळेच्या दारात येतं, तेव्हा ते आधी काय बघत असेल?" मग बराच वेळ गप्प. नवीन आलेल्या शिपायाने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तो चहाचा ट्रे तिथेच ठेवून थेट ऑफिसात येऊन उभा राहिला. नुसतं मागे बोट दाखवलं.

गोधडीचं कारण साधं होतं. पंखा लावला की घरघर यायची, खिडकी उघडली की रस्त्यावरच्या रिक्षा आत यायच्या. गोधडीत आवाज कसा स्वच्छ, अगदी कानाशी बोलल्यासारखा येतो. हे अक्कांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. दोंडाईचाला लहानपणी त्या आणि त्यांची बहीण गोधडीत शिरून एकमेकींना गोष्टी सांगायच्या, तेव्हापासूनची ती माहिती. धडा संपला की घामाने निथळत बाहेर यायच्या, केस कपाळाला चिकटलेले, आणि पहिलं वाक्य असायचं, "लिंबू आहे का गं?"

मी त्या केंद्रात नुकती लागले होते. बोदवडकडच्या केळी-कापूसवाल्या घरातली मुलगी, कॉम्प्युटरचं थोडं शिकलेली. अक्का बोलायच्या ते नीट करायचं आणि विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर पाठवायचं, हे माझं काम. बालवाडीच्या शिक्षकांसाठी दूरशिक्षणाचा एक पदविका अभ्यासक्रम आमच्याकडे चालायचा. त्या वर्षी प्रवेश घेतलेली बहुतेक मुलंमुली सातपुड्यातली होती. चोपड्याच्या वरची, शिरपूरच्या वरची. पावरा आदिवासी बरीच, काही भिल्ल. एरवी विद्यार्थी महिन्यातून एकदा जळगावला यायचे, समोरासमोर तास व्हायचे. पण या मुलांचे प्रवेश झाले आणि टाळेबंदी आली. मुलांचं येणं बंद. आमच्या मुलांनी आम्हाला पाहिलं नव्हतं आणि आम्ही त्यांना.

अक्का बालमानसशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट का, असं विचारलं तर म्हणायच्या, "पळावं लागलं तर?" कुणापासून पळायचं ते कधी सांगितलं नाही. फोनवर "हॅलो" म्हणायची त्यांना सवय नव्हती. फोन उचलला की त्या सरळ मधल्याच वाक्यापासून सुरू व्हायच्या. "तर मग काय ठरलं?" किंवा "पण मी म्हणते, त्याला पाणी का नाही घातलं?" कशाला पाणी, ते आपण शोधायचं. अक्का त्या कुणाच्या नव्हत्या, कारण घरात त्या सर्वांत धाकट्या. पण प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत बठ्ठा, म्हणजे सगळा, गाव त्यांना अक्का म्हणायचा. एरवी चांगलं पुस्तकी मराठी बोलणारी ही बाई रागावली किंवा फार आनंदली की सरळ अहिराणीत शिरायची.

माझ्यावरचा पहिला राग मला अजून आठवतो. त्यांच्या पहिल्या धड्यात प्रश्न विचारून झाला की लांबलचक शांतता होती. मला वाटलं, बाई अडखळल्या. मी सगळ्या शांतता काढून टाकल्या आणि धडा कसा सुटसुटीत करून त्यांना ऐकवला. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माले सांग, मन्हं गप्प बसनं कोठे गयं?"

मी म्हटलं, "अक्का, तिथे काहीच नव्हतं. रिकामं होतं."

"रिकामं नव्हतं. तिथे पोरगी विचार करत होती." मग जरा शांत होऊन म्हणाल्या, "हे बघ, माझं बोलणं हवं तेवढं काप. मी जास्तच बोलते. गप्प बसणं मात्र कापायचं नाही."

मी सगळ्या शांतता परत घातल्या. पहिल्या आठवड्यात मुलांचे निरोपावर निरोप आले, धडा अडकतोय, मॅडम मधेच बंद पडताहेत. मग अक्कांनी एक छोटा निरोप बोलून पाठवला. "बाळांनो, मी बंद पडलेली नाही. मी तुमची वाट बघतेय." त्यानंतर तक्रार आली नाही.

"समजलं का?" हे दोन शब्द त्यांच्या धड्यात कधी नसत. आमच्या एका तरुण सरांना हे दर वाक्यानंतर म्हणायची सवय होती. अक्का त्यांचे धडे ऐकताना कपाळाला हात लावून बसायच्या. "समजलं का, हा प्रश्न नही, धमकी शे," म्हणायच्या. "नाही म्हणायची कुणाची छाती आहे?"

धडे फार छोटे असायचे आणि नुसत्या आवाजाचे. कारण रेंज. त्या गावांत रेंज घरी नसते, ती कुठल्यातरी टेकडीच्या माथ्यावर असते. मुलं तिथे चढून जायची, धडा मोबाइलमध्ये उतरवून घ्यायची आणि खाली येऊन घरी ऐकायची. कुणी बकऱ्यांमागे, कुणी चुलीपुढे. हे कळल्यावर अक्कांनी धडा तपासण्याची स्वतःची एक रीत काढली. ध्वनिमुद्रण झालं की त्या ते घरी नेत आणि भाकऱ्या थापता थापता ऐकत. भाकरी थापताना धडा कळला तर पास. मधे धागा तुटला, पुन्हा मागे जाऊन ऐकावंसं वाटलं, तर नापास. दुसऱ्या दिवशी परत गोधडी. एकदा डबा उघडला तर भाकरी एका बाजूने काळी ठिक्कर. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "धडा चांगला झालाय."

प्राचार्य "दुर्गम भागातील विद्यार्थी" असा शब्द वापरायचे. सरकारी कागदावर तोच शब्द असतो, त्यांचा काही दोष नव्हता. अक्का दर वेळी त्यांना अडवायच्या. "सर, तिथून बघितलं तर जळगाव दुर्गम आहे." सर हसायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तोच शब्द म्हणायचे.

पण एकदा खरंच ताणलं. वरून आदेश आला होता की आठवड्यातला जो एक तास सगळ्यांनी एकत्र घ्यायचा, त्यात विद्यार्थ्यांचे कॅमेरे चालू हवेत आणि चेहऱ्यांचा फोटो हजेरी म्हणून पाठवायचा. अक्कांनी नाही सांगितलं.

"कॅमेऱ्यात पोरीच्या मागे तिचं घर दिसतं, सर. तिने आपल्याला घरी बोलावलंय का?"

"अक्का, मला वर फोटो पाठवावे लागतात हो."

"मग माझा पाठवा."

आणि खरोखरच त्यांनी मला अडगळीच्या खोलीत नेलं, स्टुलावर गोधडी घेऊन बसल्या आणि माझ्याकडून फोटो काढून घेतला. सरांना दिला. सरांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. वर पाठवला की नाही ते माहीत नाही, पण कॅमेऱ्याचा विषय नंतर निघाला नाही.

हजेरी मात्र त्यांना स्वतःला हवी असायची. कोण आलंय, कोण नाही, जिवाला लागायचं. सुरुवातीला त्यांनी एक युक्ती केली. नाव पुकारल्यावर "हजर" म्हणायचं नाही, आज काय जेवलात ते सांगायचं. दोन-तीन आठवडे मजा आली. कुणी नदीतले मासे, कुणी उडदाची डाळ, कुणी नुसतंच "भाकर". अक्का प्रत्येकाला काहीतरी बोलायच्या. मग एके दिवशी एका मुलीचं नाव पुकारलं. वारा ऐकू येत होता, म्हणजे ती होती. पण बोलेना. अक्कांनी पुन्हा लाडाने विचारलं. पुन्हा नुसता वारा. आणि फोन बंद झाला.

अक्कांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी तास कसाबसा पुरा केला. त्या दिवशी दुपारी गोधडी तशीच घडी करून पडली होती. त्यांनी त्या मुलीला स्वतः फोन केला, काय बोलल्या मला माहीत नाही, दार लावून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात हजेरीचा प्रश्न बदललेला होता. "बसलात तिथून काय दिसतंय?"

हा प्रश्न कुणालाच अडचणीचा नव्हता. उलट टेकडीवर बसलेल्यांची तर चंगळच झाली. कुणाला तीन डोंगर दिसायचे, कुणाला खालून चढत येणारी आई, कुणाला लांब चोपड्याकडची हिरवी पट्टी. "ती केळी आहेत मॅडम, की ऊस?" अक्का सांगायच्या, "केळी रे, केळी. आमच्याकडचीच." वर्गात शहरातली दोन-चार मुलं होती, त्यांचीच पंचाईत. चोपडा गावातला एक मुलगा दर आठवड्याला म्हणायचा, "शेजाऱ्यांची भिंत." एकदा तो ओरडून म्हणाला, "मॅडम, भिंतीवर मांजर!" आणि सगळ्या टेकड्यांवरून टाळ्या वाजल्या.

पावरी, म्हणजे पावरा मुलांची बोली, शिकायचं अक्कांनी कधी ठरवलं ते मला नक्की सांगता येणार नाही. एका निरोपात एका मुलीने विचारलं होतं, मॅडम, आमच्या गावची लहान पोरं बालवाडीत येतात, त्यांना मराठी कळत नाही, त्यांना गोष्ट कशी सांगायची? अक्कांनी उत्तराचा धडा तयार करायला घेतला आणि मधेच थांबल्या. म्हणाल्या, "माझ्याकडे याचं उत्तर नाही. मी आधी त्या पोरांच्या जागी बसते."

खुमसिंग नावाच्या मुलाला त्यांनी आपला मास्तर नेमला. तो शिरपूरच्या वरचा, वर्गातला सर्वांत खोडकर. तो रोज त्यांना वाक्यं पाठवायचा आणि अक्का ती म्हणून परत पाठवायच्या, सगळ्यांच्या गटावर. पन्नाशी उलटलेली बाई, जिभेला दोंडाईचाचं वळण. एका वाक्यात त्यांनी "पाणी आणा" म्हणताना एक स्वर असा काही ओढला की त्याचा अर्थ भलताच झाला. तो इथे लिहिण्यासारखा नाही. गटावर हसण्याचे इतके निरोप आले की माझा मोबाइल थरथरत टेबलावरून खाली पडला. खुमसिंगने मास्तरांच्या थाटात जाहीर केलं, "मॅडम नापास."

अक्का मोठ्या मनाच्या होत्या असं मी म्हणणार नाही. त्या खरंच रुसल्या. गटावर काही बोलेनात, डबा एकट्याने खाल्ला, मला म्हणाल्या, "एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात?" पण मग मुलांचे निरोप यायला लागले. ज्या मुली आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या बोलत होत्या. मॅडम, असं नाही, असं म्हणा. मॅडम, जीभ वर लावा. मॅडम, माझ्याबरोबर म्हणा. अक्का एकेक निरोप कानाला लावून ऐकत होत्या. ऐकता ऐकता रुसवा कुठे गेला ते त्यांनाही कळलं नसावं. तेव्हापासून प्रत्येक धडा आधी त्यांच्या मोडक्यातोडक्या पावरीत सुरू व्हायचा. चुका मी काढू का, असं मी विचारलं होतं. "राहू दे," म्हणाल्या, "त्याशिवाय पोरं बोलणार कशी?"

मुलांच्या बोललेल्या निरोपांना त्या एकेकाला नाव घेऊन उत्तर द्यायच्या. लिहून नाही, बोलून. आणि समोरचा मोठा, जाणता माणूस आहे असं धरून. वनसिंग नावाच्या मुलाने दोन धडे बुडवले तेव्हा त्याला असं फैलावर घेतलं की ऐकताना मीच खुर्चीत सरळ बसले. "कर्त्या माणसाला हे शोभतं का?" वगैरे. त्याने बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी दोन्ही धड्यांची उत्तरं पाठवली.

अक्का आता निवृत्त आहेत. दोंडाईचाला बहिणीजवळ राहतात. आमच्या अभ्यासक्रमाचं पुढे एक चकचकीत ॲप झालं. त्यात रंगीत चित्रं आहेत, एक हसरा पोपट आहे, तो प्रत्येक धड्यानंतर शाबास म्हणतो. वाईट नाही. पण मला ते ऐकताना सारखं वाटतं की कुणीतरी घाईत आहे. अक्कांना मी दाखवलं तेव्हा त्या पोपटाकडे बघून म्हणाल्या, "हा कुठल्या गावचा?"

त्यांची आठवण निघाली की आमच्याकडचे लोक गोधडीचीच गोष्ट सांगतात. मला मात्र आधी धुळ्याचा दिवस आठवतो.

रमिला ही वर्गातली अबोल, पण पक्की मुलगी. चोपड्याच्या वरच्या एका पाड्यातली. त्यांच्या पाड्यातली बालवाडी बरेच दिवस बंद होती. बाहेरून येणाऱ्या बाई टिकत नव्हत्या आणि मुलं त्यांच्याजवळ रडायची. रमिलाची पदविका पुरी झाली की ती बालवाडी तिला मिळायची होती. सगळा पाडा तिच्या पास होण्याकडे डोळे लावून होता.

परीक्षा मोबाइलवर झाली. परीक्षेची जी यंत्रणा होती ती आपोआप फोटो काढायची, आवाज टिपायची आणि संशय आला की लाल खूण करायची. रमिला टेकडीवर बसून पेपर देत होती. ऊन इतकं की पडद्यावरचं दिसेना. म्हणून तिची वहिनी शेजारी छत्री धरून उभी राहिली. यंत्राला फोटोत दुसरा हात दिसला. दुसरा आवाज ऐकू आला. तिच्यावर लाल खुणांची रांग लागली आणि निकालाऐवजी चौकशीचा निरोप आला. गैरप्रकार सिद्ध झाला तर अभ्यासक्रमातून नाव कमी.

चौकशी धुळ्याला होती, विभागीय कार्यालयात. एव्हाना बस चालू झाल्या होत्या. रमिला आणि तिचे वडील चोपड्याहून आले, अक्का आणि मी जळगावहून. फाटकाशी रमिला आम्हाला पहिल्यांदा दिसली. सडपातळ मुलगी, ओढणी घट्ट धरलेली. वडिलांनी तिच्याकडून चार मराठी वाक्यं पाठ करून घेतली होती आणि ती ओठांत पुटपुटत होती.

आत तीन जण होते, दोन सर आणि एक मॅडम. माणसं वाईट नव्हती. मधले सर तर सौजन्याने म्हणाले, "बस बेटा. घाबरायचं नाही. जे झालं ते खरं खरं सांगायचं. समजलं का?"

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

रमिला उभी राहिली. तोंड उघडलं. पाठ केलेलं एकही वाक्य बाहेर येईना. खोलीत पंख्याचा आवाज फक्त. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने हातात घेतला आणि तसाच धरून राहिली. वडील दाराशी उभे, त्यांच्या टोपीची घडी हातात चुरगळत होती. मधल्या सरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं.

तेव्हा अक्का उठल्या. "सर, तिला पावरीत सांगू द्या. मी मराठीत सांगते तुम्हाला."

"तुम्हाला येतं?"

"येतं ना," अक्का ठामपणे म्हणाल्या.

रमिला खाली बघत हळू आवाजात पावरीत बोलली. दोन-तीन वाक्यं. अक्कांनी मान डोलावली, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "ती म्हणते, तिची वहिनी शेजारी उभी राहून तिला उत्तरं सांगत होती."

मला वाटलं आता संपलं. सरांनी पेन उचललं. आणि रमिलाने पेला टेबलावर आदळला.

"नाही मॅडम! असं नाही!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"वहिनी उत्तरं कशी सांगेल? वहिनी शाळेतच गेली नाही! ती छत्री धरून होती. ऊन होतं, मोबाइलात काही दिसत नव्हतं. मी तिला म्हटलं, जरा इकडे धर, सावली सरकली. ते बोलले मी. तेच आलं असेल त्याच्यात." ती अक्कांकडे वळली. खरोखर चिडली होती. "मॅडम, तुम्ही नीट ऐकत नाही!"

"मग तूच सांग बाई," अक्का म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आणि रमिलाने सांगितलं. उभ्या उभ्या, मराठीत, एक शब्द न अडता. टेकडी कुठे आहे, रेंज कुठल्या खडकावर येते, त्या खडकाशी आणखी कोण कोण फोन करायला येतं, वहिनीचा हात दुखला तेव्हा तिने तो कसा बदलला. समितीतल्या मॅडमनी पेपरातलाच एक प्रश्न विचारला, नवीन आलेलं मूल रडत असेल तर बाईंनी काय करावं. रमिला म्हणाली, "आधी त्याच्या बोलीत त्याचं नाव घ्यावं. मग गप्प बसावं त्याच्याजवळ. माझ्या भावाची पोरगी अशीच रडायची." मॅडमनी काही लिहिलं नाही, पेन खाली ठेवलं.

सगळं काही लगेच गोड झालं नाही. तिच्यावरचा ठपका पुसला, पण तो पेपर तिला पुन्हा द्यावा लागला, जळगावला येऊन, समोर बसून. ती पास झाली. पाड्यातली बालवाडी आता तीच चालवते.

त्या दिवशी बाहेर आल्यावर धुळ्याच्या स्टँडजवळ आम्ही शेवभाजी खाल्ली. रमिला अजून रागातच होती, अक्कांशी बोलेना. तिचे वडील मात्र अक्कांकडे बघून हसत होते, सारखे हसत होते. जळगावच्या बसमध्ये मी अक्कांना विचारलं, "तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"काय?"

"चुकीचं सांगितलंत."

"माझी पावरी तेवढीच आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून झोपल्या. नंतर कितीदा विचारलं तरी हेच उत्तर. खुमसिंगला सगळी हकिगत कळली तेव्हा त्याचंही मत तेच पडलं. मॅडमना तेवढीच येते. मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या होळीच्या आधी रमिलाच्या घरून बोलावणं आलं. भोंगऱ्याचे दिवस होते. होळीआधीच्या आठवडी बाजाराला पावरा लोक भोंगऱ्या म्हणतात. नवे कपडे, चांदीचे दागिने, ढोल, सगळा डोंगर खाली उतरतो. आजूबाजूच्या गावांतली आमच्या वर्गातली मुलंही बाजाराला येणार होती आणि ती सगळी रमिलाच्या घरी जमणार होती, अक्कांना भेटायला. शिरपूरकडचीसुद्धा.

आम्ही चोपड्याहून जीप केली. मोहाची फुलं पडायला लागली होती, त्यांचा गोड आंबूस वास जीपमध्ये शिरला होता. रमिलाच्या अंगणात मोहाखालीच मुलं उभी होती, ओळीने, शाळेत उभं राहतात तशी. अक्का जीपमधून उतरल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर बघत राहिल्या. या मुलांशी त्या जवळजवळ रोज बोलल्या होत्या, आणि रमिला सोडली तर समोरचं एकही माणूस त्यांना ओळखू येत नव्हतं. मुलंही लाजून गप्प.

रमिला पुढे झाली. "मॅडम, हा..."

"थांब. तू सांगू नकोस."

अक्कांनी डोळे मिटले. "बोला," म्हणाल्या. "एकेक जण बोला. काहीही."

थोडा वेळ कुजबुज झाली. मग टोकाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रवास बरा झाला का?"

"जमुना."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"मॅडम, आमच्याकडे पाणी गोड आहे."

"सायजी. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे आता?"

"बरा आहे," सायजी म्हणाली आणि ओढणी तोंडावर घेऊन हसली.

"नमस्कार मॅडम." हा घोगरा, म्हाताऱ्यासारखा काढलेला आवाज.

"खुमसिंग, नाटकं पुरे."

मग काय, मुलांना जोरच आला. सगळी पुढे सरकली, ओळ मोडली, एकापाठोपाठ एक बोलू लागली. कुणी खोकून दाखवलं, कुणी नुसतं हसून. चोपड्याचा भिंतवाला मुलगाही आला होता. अक्का डोळे मिटून प्रत्येकाचं नाव घेत होत्या. एकीच्या वेळी चुकल्या, त्या मुलीने पाय आपटला, आणि दुसऱ्या खेपेला अक्कांनी बरोबर सांगितलं. शेवटी वनसिंग उरला. तो काही बोलेचना. मित्रांनी ढकललं तेव्हा कसाबसा म्हणाला, "मॅडम, मी धडे बुडवत नाही आता."

"वनसिंग," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग बाकीच्यांकडे. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, एखादा विनोद करतील. पण त्या नुसत्या उभ्या होत्या. रमिलाच्या वहिनीने खाट पुढे केली तेव्हा बसल्या. त्यांना जेवायला वाढलं, त्या जेवल्या. मुलींनी हात धरून ढोलाजवळ नेलं, गेल्या. दिवसभर ही बाई इतकी कमी बोलली की मुलं मला बाजूला घेऊन विचारू लागली, मॅडमना बरं नाही का?

ऊन उतरताना आम्ही निघालो. मुलं वळणापर्यंत जीपमागे आली. चोपड्याची हिरवी पट्टी दिसायला लागेपर्यंत अक्का पुढे बघत होत्या.

"त्या वनसिंगला नीट मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

"मी त्याला कर्ता माणूस म्हणून किती रागावले." त्यांनी पदराने चेहरा पुसला, धूळ खूप होती. "बठ्ठा ल्हाना पोरे शेतस वं त्या."